मिठाच्या पाण्यात आणखी मीठ

माझ्या घरातल्या माशांच्या टाकीत बुरशी शिरली तेव्हा मी सगळ्यांवर संशय घेतला. खाद्यावर घेतला, फिल्टरच्या स्पंजवर घेतला, कल्याणच्या दुकानदारावर घेतला, बायकोच्या उदबत्तीवर घेतला, आणि शेवटी स्वतःच्या हातांवरही घेतला. एका माणसावर मात्र घेतला नाही. तो रोज संध्याकाळी माझ्याच सोफ्यावर बसून, माझ्याच घरचा चहा पीत त्या टाकीकडे बघत असायचा.

तो माझा समोरच्या दाराचा शेजारी आणि आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला आमची चार मजली इमारत आहे. ती नवीकोरी होती तेव्हा आम्ही दोघं एकाच आठवड्यात राहायला आलो, त्याला आता बावीस वर्षं झाली. तो एसटीत नोकरीला होता, मी शाळेत भूगोल शिकवायचो. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात प्रत्येक वेळी रिक्षा आणायला तोच धावला. त्याच्या मुलीचा दहावीचा अभ्यास आमच्या जेवणाच्या टेबलावर झाला. दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी असायची, आणि कोणाच्या घरात आज काय शिजतंय ते वासावरून कळायचं.

सात वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो तेव्हा ही टाकी त्यानेच आणून दिली. अडीच फुटांची काच, त्यात अंगठ्याएवढे चार गोल्डफिश. "मास्तर, आता तुला वर्ग नाही," तो म्हणाला. "ह्यांना शिकव. उलट उत्तर देणार नाहीत."

माझी बायको ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिचे वडील होडी घेऊन जायचे, आई बाजारात बसायची. त्यामुळे टाकी आल्या दिवशीच शेजाऱ्याने तिची फिरकी घेतली, "वहिनी, कोळणीच्या घरात मासे पाण्यात किती दिवस राहणार ते बघू हां." तीही कमी नव्हती. म्हणाली, "भावजी, तुमच्या अंगावर एवढं मांस असूनही तुम्हाला कोणी कापलं का इतक्या वर्षांत?" ती ओट्यावर रोज बोंबील साफ करायची, पण टाकीतल्या माशांकडे पाठ करून. त्यांच्यादेखत सुरी चालवायची नाही, असा तिचा नियम होता.

त्या चारांतला एक भराभर वाढला. तळहाताएवढा झाला, डोक्यावर पांढरा ठिपका आला. बायको त्याला थोरला म्हणायची. आम्हाला मूल नाही. त्यामुळे हा शब्द तिने सहज उच्चारला की जपून, ते मी कधी विचारलं नाही. सकाळी मी खुर्ची ओढली की थोरला काचेशी यायचा आणि माझ्या बोटामागे इकडून तिकडे फिरायचा. वर्गातली मुलं माझ्याकडे एवढं लक्ष देत नसत.

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. सकाळी चूळ भरून बायको बेसिनपाशी थांबली. पुन्हा ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकलं. तिला एखादी गोष्ट मनापासून म्हणायची असली की तिची माहेरची भाषा बाहेर येते. ती म्हणाली, "पानी खारं हाय."

मी पेपर वाचत होतो. पेपरातून मान वर न करता म्हटलं, "तू खाडीतली. तुला पावसाचं पाणीपण खारंच लागेल."

तिने नळ बंद केला. दोन दिवसांनी म्हणाली, डाळ शिजत नाही, चार शिट्ट्या जास्त लागतात. मग म्हणाली, साबणाला फेस येत नाही. मी भूगोलाचा मास्तर. क्षारयुक्त भूजलाने साबणाला फेस येत नाही, हा धडा मी आयुष्यभर शिकवला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण तेव्हा माझ्या कपाळावर लिहायला हरकत नव्हती. पण ती बोलत राहिली म्हणून मी उठलो आणि समोरच्या दारात गेलो. सेक्रेटरीच समोर राहत असताना दुसऱ्या कोणाला विचारायचं?

"पाण्यात काही बदल झालाय का रे? ही म्हणते खारं लागतंय."

"नळाचंच आहे. दुसरं कुठलं असणार?" तो म्हणाला. "उन्हाळ्यात पाणी खाली जातं, चव थोडी बदलते. वहिनींची जीभ खाडीची आहे, तिला काय सांगायचं." आणि हसला. मीही हसलो. घरी येऊन मी बायकोला उन्हाळा, धरण आणि जलपातळी यांच्यावर पाच मिनिटांचा पाठ दिला. तिने तो भांडी घासता घासता ऐकून घेतला.

पंधरा दिवसांत पहिला कापूस दिसला. सगळ्यात लहान माशाच्या शेपटीला पांढरा, मऊ पुंजका लागला होता, गादीतून बाहेर आलेल्या कापसासारखा. तळाला पडलेल्या खाद्याच्या दाण्यांवरही तसलीच लव आली होती. टाकीच्या काचेवर पाण्याच्या रेषेशी पांढरा थर धरला होता. तो मी ब्लेडने खरवडून काढला आणि त्याचा विचार केला नाही.

बुरशी म्हटल्यावर मी कामाला लागलो. वही सुरू केली. रोज सकाळी तपासायच्या कागदी पट्ट्या आणल्या. पाण्यात बुडवायच्या, उमटलेला रंग डबीवरच्या रंगाशी ताडून बघायचा आणि वहीत लिहायचं. अमोनिया ठीक, नायट्रेट ठीक. त्या पट्ट्या खारेपणा सांगायच्या नाहीत, आणि जे पट्टी सांगत नाही ते मी मनाने विचारलं नाही. माझ्याकडच्या माशांच्या पुस्तकात दोन उपाय होते. एक, पाणी बदलत राहणे. दोन, खडेमीठ. मी दोन्ही नेमाने केले. आदल्या दिवशी बादली भरून ठेवायची म्हणजे नळाच्या औषधाचा वास उडतो. दुसऱ्या दिवशी पाइप लावून टाकीतलं पाव पाणी काढायचं आणि बादलीतलं घालायचं. आजारी माशाला टबात वेगळं काढून मिठाची अंघोळ घालायची. आधी आठवड्यातून एकदा पाणी बदलायचो, मग दोनदा, मग दिवसाआड. मासे जितके मलूल होत गेले तितकं मी पाणी बदलत गेलो.

हे सगळं तो बघत होता. संध्याकाळी साडेपाचला यायचा. मी गुडघ्यांवर बसून बादली ओतत असायचो, तो चहाचा कप मांडीवर धरून बसायचा. एकदा म्हणाला, "मास्तर, किती करतोस रे ह्यांचं." आवाजात कौतुक होतं असं मला वाटलं.

लहान मासा गेला. मग दुसऱ्याच्या डोळ्यावर पुंजका आला. मी कल्याणला गेलो. स्टेशनपासून थोडं चालल्यावर एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर माशांचं दुकान आहे, भिंतीला भिंत लावून काचा. दुकानदार साठीचा, कोणालाही दुकानात शिरल्या शिरल्या झापणारा. मी वही पुढे केली. त्याने ती उघडलीसुद्धा नाही.

"काका, बुरशी हा आजार नाही, ती पाहुणी आहे," तो म्हणाला. "माशाच्या अंगावर बुळबुळीत साय असते. ती निघाली की बुरशी येऊन बसते. साय कशाने निघते ते बघा. पाणी कुठलं?"

"नळाचं," मी म्हटलं.

"नक्की?"

"आमचा सेक्रेटरी समोरच राहतो. बावीस वर्षांची ओळख आहे."

त्याने वही माझ्याकडे परत सरकवली. "मी ओळख नाय विचारली. पुढच्या वेळी येताना बाटलीत पाणी घेऊन या." मला त्याचा राग आला. निळं औषध घेतलं आणि परत आलो. बाटली नेली नाही. बाटली नेणं म्हणजे मित्राच्या शब्दावर अविश्वास दाखवणं, असं मला वाटलं. असा सरळ विचार करणाऱ्याला आमच्याकडे भोळा म्हणतात, आणि तेही तोंडावर म्हणत नाहीत.

त्या संध्याकाळी शेजारी आला तेव्हा मी दुकानदाराची नक्कल करून दाखवली. तो हसला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "माझ्याकडे पाण्याचे जार येतात. त्यातलं वापर पाहिजे तर. एक जार तुला देतो."

त्याची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून तिच्यासाठी निळे जार सुरू केले होते, एवढं मला माहीत होतं. मी म्हटलं, "वेडा आहेस का? मुलीला लागतं ते. आणि मासे काय विकतचं पाणी पितात?"

"बघ बाबा," तो म्हणाला. आणि विषय संपला.

मग आमच्या इमारतीचा सत्यनारायण आला. दरवर्षी गच्चीवर पूजा असते, सगळे मजले जेवायला असतात, आणि तीर्थप्रसादानंतर कोणीतरी दोन शब्द बोलतो. मास्तर म्हणून ते काम माझ्याकडे. यंदा शेजारच्या दोन्ही इमारतींत टँकर येत होते, बायका कळशा घेऊन भांडत होत्या. मी उभा राहिलो आणि म्हटलं, की एवढ्या उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याचा एक दिवस खाडा झाला नाही, ह्याचं श्रेय एका माणसाला आहे. मी त्याला शाल पांघरली, हातात नारळ दिला. टाळ्या वाजल्या. तो मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, किती विनयी माणूस! दुसरा मासा आधीच गेला होता, आणि खाली घरात टबात तिसरा आडवा तरंगत होता.

आता टाकीत थोरला एकटा. त्याच्या पांढऱ्या ठिपक्याच्या कडेला लव दिसली तेव्हा माझा तोल गेला. बायको रोज सकाळ-संध्याकाळ देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावायची, देव्हारा टाकीपासून चार हातांवर. मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, तुझा धूर पाण्यात उतरतो, तुझे मसाल्याचे हात तू टाकीच्या झाकणाला लावतेस, तुला कधी ह्यांची पर्वाच नव्हती, तुझ्यासाठी मासा म्हणजे कालवण. ती दारात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने देव्हारा उचलून स्वयंपाकघरात, खिडकीखाली नेला. भिंतीवर त्याच्या खिळ्यांची भोकं अजून आहेत.

मेच्या शेवटी आमचं पिण्याचं पाणी शुद्ध करायचं मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाला आला. पन्नाशीचा, नेहमीचा माणूस. त्याने मशीन उघडून आतलं नळकांडं काढलं, ते पांढरं कडक झालेलं. मग खिशातून पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र काढून नळाखालच्या पेल्यात बुडवलं. आकडा बघून त्याने शीळ घातली.

"नेहमीच्या तिप्पट आहे. काका, बोअरिंगचं मिक्स करतायत तुमच्या बिल्डिंगमध्ये."

"शक्यच नाही," मी म्हटलं. "बोअरिंग कधीची बंद आहे. त्या पाण्याला वास यायचा, म्हणून आम्हीच ठराव करून बंद केली."

"ठराव मला माहीत नाय. ह्या महिन्यात तुमच्याच बिल्डिंगमधली ही चौथी मशीन उघडली मी."

बायको ओट्यापाशी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी त्याच पेल्याने टाकीतलं पाणी आणलं आणि पेन त्यात बुडवायला लावलं. आकडा आणखी वर गेला. जाणारच होता. नळातून येणाऱ्या मिठात मी दिवसाआड माझं मीठ घालत होतो. औषध म्हणून.

मी तसाच चपला न घालता खाली गेलो. पंपाच्या खोलीत बोअरिंगपासून जमिनीखालच्या टाकीपर्यंत नवा पाइप गेला होता. नवा म्हणजे अगदी नवा, त्याच्यावरचा कंपनीचा छापसुद्धा पुसला नव्हता. वॉचमन माझ्या मागोमाग आला. वयस्कर माणूस, डोळ्यांनी अजिजी करत होता. "साहेबांनी सांगितलेलं, कोणाला बोलू नको म्हणून," तो म्हणाला. "माझ्यावर येईल, मास्तर."

मी वर येऊन समोरच्या दारात उभा राहिलो. तो टीव्हीपुढे चहा पीत होता. माझे धुळीने भरलेले पाय बघूनच त्याला कळलं.

"बोअरिंग कधी सुरू केलीस?"

"मार्चमध्ये," तो म्हणाला. ह्या वेळी खोटं बोलला नाही, एवढं मात्र खरं. "नळाचा दाब गेलेला रे. टाकी अर्धीपण भरत नव्हती. टँकर आणला असता तर खर्चावरून सगळ्यांनी बोंब मारली असती. थोडंच मिक्स केलेलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तू मीटिंगमध्ये उभा राहून भाषण ठोकलं असतंस. तुझा स्वभाव मला माहीत नाही?"

"मी तुला येऊन विचारलं होतं. ह्याच दारात."

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. मी म्हटलं, "माझे मासे मरत होते. तू रोज येऊन बघत होतास."

"मी तुला जार देऊ केला होता ना?" तो म्हणाला. "तूच नको म्हणालास."

त्याच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात त्याची मुलगी पोटावर हात ठेवून उभी होती. तिच्या पायाशी ते निळे जार ओळीने ठेवलेले.  तो नुसतं खोटं बोलला असता तर मला भांडता आलं असतं. ह्याने तीन महिने माझ्यासमोर बसून, मी माझ्या हाताने ते पाणी ओतत असताना, आपल्यासाठी एक वाक्य राखून ठेवलं होतं. केसाने गळा कापतात तो असा. त्याला एकदाच "पाणी बदलू नकोस" म्हणायचं होतं. कारण सांगायचीही गरज नव्हती. मी ऐकलं असतं.

"मासेच होते ना मास्तर," तो मागून म्हणाला. "पावसाळ्यात दुसरे आणू."

घरी आलो तर बायको नव्हती. तीन तासांनी ती रिक्षातून उतरली, सोबत पाण्याचे दोन मोठे कॅन. ठाण्याला, भावाच्या घरी जाऊन आली होती. त्यांच्याकडे नळाला गोडं पाणी येतं. म्हणजे जिला मी खाडीतली म्हणून हिणवलं, तिनेच खाडीकाठाहून गोडं पाणी आणलं. आम्ही दोघांनी मिळून ते थोडं थोडं टाकीत घातलं, तांब्यातांब्याने, थोरल्याला एकदम झटका बसू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्ची ओढली तेव्हा तो काचेशी आला. बोट फिरवलं तर फिरला नाही, पण आला. दुपारपर्यंत तो कलला होता. चारच्या सुमारास बायकोने त्याला दोन्ही हातांत धरून बाहेर काढलं. जन्मभर मासे हाताळलेल्या तिच्या बोटांना त्याला कसं धरायचं ते कळत नव्हतं. खाली कढीपत्त्याच्या झाडाशी पुरला.

सोसायटीची मीटिंग मीच लावली. वही घेऊन गेलो, पेनवाल्याचा आकडा घेऊन गेलो. सगळं सांगितलं. सेक्रेटरी उभा राहिला आणि म्हणाला, चूक झाली, पण सगळ्यांच्या सोयीसाठी केलेलं, आता पाइप काढलाय. दुसऱ्या मजल्यावरचा एक जण म्हणाला, "पाणी तर होतं ना घरात? बाजूवाल्यांसारखे कळशा घेऊन तर नाही फिरलो." कोणीतरी म्हणालं, मशीनची नळकांडी काय, बदलायचीच असतात. मागून एक बाई हळूच म्हणाली, "माशांसाठी एवढं?" तोच सेक्रेटरी राहिला. निघताना दोघा-तिघांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या खांद्यावर कोणी ठेवला नाही. गच्चीवर मी त्याला शाल पांघरली होती, आता सगळ्या इमारतीने पांघरली.

घरी आलो. आता आमचं दार बंद असतं. टाकी कोरडी करून ठेवली होती, काचेवरची पांढरी रेघ तशीच होती. बायको जमिनीवर पेपर पसरून कोथिंबीर निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि बोलत सुटलो. बावीस वर्षं म्हटलं, आईच्या वेळच्या रिक्षा म्हटलं, त्याच्या मुलीची दहावी म्हटलं, ज्याच्यावर एवढा भरवसा टाकला त्यानेच असं करावं म्हटलं.  ती ऐकत होती, पिवळी पानं बाजूला काढत होती. मग मी तिच्यावरही चिडलो. म्हटलं, "तुला तर कळलं होतं ना पाणी बिघडलंय ते? मग जोर का नाही लावलास? एकदा तरी भांडायचंस माझ्याशी."

तिने जुडी खाली ठेवली.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना विचारायला गेलात."